रिले होता, तार कुठेच जोडलेली नव्हती

आमच्या जुन्या ट्रॅव्हलर व्हॅनमध्ये पलंग, छोटा फ्रीज आणि एसी बसवून आम्ही तिची कॅम्पर केली. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि बॅटरीवर एसी रात्रभर निघत नाही. म्हणून जिथे मुक्काम, तिथल्या घरची 230 व्होल्टची लाइन गाडीला घ्यायची सोय, म्हणजे शोर पॉवर, करून घ्यायचं ठरलं.

वाडीकडच्या एका फिटरने 18,500 रुपये घेतले. 16 अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल सॉकेट, 2.5 स्क्वेअर एमएमची तीन कोर कॉपर केबल, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि मी मुद्दाम मागितलेला रिले, म्हणजे लाइन आली की स्टार्टरची तार आपोआप तोडणारा स्विच. प्लग लावलेला असताना स्टार्टर फिरायलाच नको, एवढीच माझी मागणी होती. घरात लहान मुलं, निघताना गडबड, कधीतरी विसरणारच.

"भाऊ, टेन्शन नका घेऊ. प्लग हाय तोवर गाडी चालूच होनार नाही," असं म्हणत त्याने डॅशबोर्डवरचा लाल दिवा पेटवून दाखवला. मी दिवा पाहिला आणि पैसे दिले. तिथेच किल्ली फिरवून बघायला हवी होती.

पुढच्याच आठवड्यात रामटेकला बहिणीकडे मुक्काम केला. पेंच अभयारण्याच्या सिल्लारी गेटची सफारी होती, पहाटे साडेचारला निघालो. मी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. दहा फूट गेल्यावर मागे कडकन आवाज. गाडीचा सॉकेट पत्र्यासकट उपटला होता आणि जिवंत केबल अंगणात पडली होती. भाचा अनवाणी पायांनी तिकडे निघालेला. भाऊजींनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. तो क्षण आठवला की अजून हात थरथरतात.

दुपारी तिथल्या इलेक्ट्रिशियनने डबा उघडला. रिले होता, पण त्याच्या दोन्ही तारांची टोकं टेप गुंडाळून कोपऱ्यात खोचलेली. आरसीसीबी म्हणून बसवलेला साधा आयसोलेटर, म्हणजे नुसता हाताने चालू-बंद करायचा स्विच, त्यावर टेस्टचं 'टी' बटणच नाही. केबलची एक तार ब्लेडने खरवडली तर आत पांढरं अॅल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. अर्थिंगची हिरवी तार चॅसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, लागलेलीच नव्हती. टायर रबराचे, त्यातून करंट जमिनीत उतरत नाही; फेज बॉडीला लागला असता तर दाराला हात लावणाऱ्याला झटका बसला असता.

फिटरला फोन केला. "प्लग काढायचा तुम्हीच विसरले, मी काय करू?" बिल मागितलं तर म्हणे कच्चंच असतं. म्हणून आधीच पक्कं बिल घ्या, त्यावर केबल आणि स्विचची कंपनी लिहून घ्या. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे, पण हातात फक्त यूपीआयची पावती आहे.

पैसे देण्याआधी त्याच्यासमोर प्लग लावून किल्ली फिरवा. लाइन चालू असताना 'टी' दाबा, पडायलाच हवा. मल्टीमीटरने चॅसिस आणि अर्थ पिन एकमेकांना जोडलेले आहेत का पाहा. आणि रिले नीट बसवलेला असला तरी रात्री लाइट गेली की तो सुटतो आणि प्लग लागलेला असूनही गाडी सुरू होते. हे मला त्या इलेक्ट्रिशियननेच सांगितलं. त्यामुळे आता मी प्लग लावला की गाडीची किल्ली घराच्या सॉकेटशेजारच्या खिळ्याला अडकवतो. निघताना आधी घराकडचा प्लग काढायचा, मग गाडीकडचा, केबल गुंडाळायची आणि मगच किल्ली घ्यायची.