रुग्णवाहिकेत काम करायचे आहे: अल्पमुदतीचा अभ्यासक्रम की पदवी?

बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण होऊन रुग्णवाहिकेत किंवा रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करू इच्छिणाऱ्यांपुढे प्रामुख्याने दोन वाटा असतात. एक, काही महिन्यांत पूर्ण होणारा ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन – बेसिक’ हा कौशल्य अभ्यासक्रम. दुसरी, आपत्कालीन वैद्यकीय सेवेतील तीन-चार वर्षांची पदवी.

पायाभूत काम दोन्हींत सारखेच शिकवले जाते. हृदय बंद पडलेल्या रुग्णाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, रक्तस्राव थांबवणे, मोडलेले हाड स्थिर करणे आणि रुग्णाला इजा न वाढवता स्ट्रेचरवर घेणे हे दोघांनाही यावे लागते. पदवीच्या विद्यार्थ्याला त्यापुढे ईसीजी वाचणे, व्हेंटिलेटर व आपत्कालीन औषधे यांचे शिक्षण मिळते, आणि गंभीर रुग्णांच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट’ रुग्णवाहिकेत नेमकी त्याचीच गरज असते.

निर्णय मात्र केवळ अभ्यासक्रमावर घेऊ नये. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी (म्हणजे डॉक्टर-परिचारिका सोडून तंत्रज्ञ वगैरेंच्या कामांसाठी) केंद्राने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यात आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा समावेश असून, या व्यवसायांसाठी किमान दोन वर्षांत विभागलेले किमान २,००० तासांचे पदविका किंवा पदवी शिक्षण ही अट आहे. काही महिन्यांचे प्रमाणपत्र या अटीत बसत नाही, आणि जाहिरातींत हे क्वचितच सांगितले जाते. दुसरी गोष्ट महाराष्ट्रापुरती: २०१४ मध्ये येथे सुरू झालेल्या १०८ सेवेची रचनाच रुग्णवाहिकेत डॉक्टर ठेवण्याची आहे आणि ते बहुतांशी आयुर्वेद वा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. त्यामुळे तंत्रज्ञाला राज्यात संधी मुख्यतः खासगी रुग्णालये, खासगी रुग्णवाहिका आणि कारखान्यांतील प्रथमोपचार केंद्रे येथे मिळते. गोव्यातील १०८ सेवेत मात्र तंत्रज्ञच रुग्णासोबत असतो.

घरची परिस्थिती तीन-चार वर्षे थांबू देत असेल तर पदवीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लगेच कमावणे भाग असेल तर अल्पमुदतीचा अभ्यासक्रम कमीपणाचा मुळीच नाही. अरुंद जिन्यावरून बेशुद्ध रुग्ण सुखरूप खाली आणणाऱ्या हातांची किंमत त्या घराला ठाऊक असते. मात्र प्रवेशापूर्वी संस्थेला काही प्रश्न विचारावेत: अपघात विभागात प्रत्यक्ष किती तास मिळतील, चालू रुग्णवाहिकेत ड्युटी असेल की केवळ पुतळ्यावर सराव, आणि प्रमाणपत्र नेमके कोण देणार. तासांचे उत्तर लेखी मिळत नसेल, तर शुल्क भरू नये.