लाकडी स्टॉकची .२२ रायफल: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

लाकडी स्टॉकची (बॅरल, म्हणजे नळी, ज्यावर बसते आणि जो खांद्याला टेकवतात तो दस्ता) .२२ एलआर बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची, रायफल मी जानेवारीत घेतली आणि तेव्हापासून जवळजवळ दर रविवारी ती ठाण्याहून वरळीच्या रेंजवर नेऊन ५० मीटरवर चालवत आहे. उन्हाळ्यात बेंचवर टेकवून झाडलेल्या पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर त्यांचा पसारा, साधारण १८ मिलिमीटरचा येत असे. जुलैत तो ३० पर्यंत पसरला आणि त्याचा मध्यही उजवीकडे सरकला. विक्रेत्याने महागडी दुर्बीण सुचवली, ती मी घेतली, आणि ग्रुप होता तसाच राहिला.

रेंजवरच्या एका ज्येष्ठ नेमबाजांनी रायफल तपासली, खिशातून दहाची नोट काढली आणि म्हणाले, "अहो, दुर्बीण राहू द्या, आधी ही बॅरलखालून सरकवून बघा." नोट स्टॉकच्या टोकापासून चार बोटे आत गेली आणि उजव्या कडेला अडकली. आमचे घर घोडबंदर रोडला खाडीलगत आहे. पावसाळ्यात कपाटातही दमट हवा असते. स्टॉकला बाहेरून पॉलिश होते, पण बॅरलच्या खाचेतले लाकूड कोरेच होते. ते ओल धरून फुगले आणि बॅरलला एका बाजूने टेकले. गोळी सुटताना बॅरल कंप पावते. त्या कंपाला असा अडथळा आला की गोळी दर वेळी थोडी वेगळ्या दिशेने बाहेर पडते.

परवानाधारक गनस्मिथकडून खाच मोकळी करून घेतली, आतले लाकूड वॉर्निशने बंद केले आणि ॲक्शनखाली (काडतूस धरून झाडणारा धातूचा भाग) तो स्टॉकमध्ये घट्ट बसावा म्हणून इपॉक्सीचा थर, म्हणजे बेडिंग, भरले. (शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही, म्हणून ओळखीच्या मेकॅनिककडे रायफल नेऊ नये.) ॲक्शनचे स्क्रू आता अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने आवळतो, माझ्या रायफलीला २.५ न्यूटन-मीटर मानवतो. सप्टेंबरच्या ओल्या हवेतही ग्रुप १५ च्या आत आला.

त्यापुढची सुधारणा काडतुसांनी दिली. .२२ चे काडतूस रिमफायर असते, म्हणजे ते कडेवर ठोका बसून पेटते. असे काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे कारखान्याने भरलेली दारूच स्वीकारावी लागते. गोळीच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर ५० मीटरवर ती सहा-सात मिलिमीटर वर-खाली लागते, आणि आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. एकाच नावाच्या चार लॉटची (कारखान्यात एका वेळी बनलेला माल म्हणजे एक लॉट) मी प्रत्येकी ५० काडतुसे झाडून पाहिली. सर्वांत चांगल्या लॉटने १२ मिलिमीटर दिले, सर्वांत वाईटाने २१. खोक्यावरचा लॉट क्रमांक वहीत टिपून ठेवणे आणि जमल्यास त्याच लॉटची खोकी एकदम घेणे, यापेक्षा उपयोगाचा खर्च मला सापडलेला नाही.

दुर्बीण वाईट नाही. तिचा पॅरलॅक्स ५० मीटरला जुळवता येतो, म्हणजे डोळा किंचित हलला तरी क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकत नाही. मात्र ती उंच बसते, आणि गालाखाली आधार वाढवेपर्यंत मान ताठ धरावी लागत होती. ज्यांना आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) सामन्यांत उतरायचे आहे त्यांनी यावर पैसे घालू नयेत, कारण स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेमबाजी) दुर्बीण चालत नाही.

ट्रिगरला मी अजून हात लावलेला नाही. तो स्वच्छ सुटतो. नोट मात्र रायफलीच्या पेटीतच असते, आणि दर रविवारी पहिल्या गोळीआधी ती टोकापासून ॲक्शनपर्यंत सरकवून पाहतो.