गावाला मिळालेला पाणी तपासणी संच: दीड वर्षाच्या वापरानंतर

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण आणि त्यासाठी एक संच दिला जातो. धाराशिव जिल्ह्यातील आमच्या गावात हा संच ‘पेटी’ म्हणूनच ओळखला जातो. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि या पाच ताईंसोबत दीड वर्षापासून ही पेटी वापरतो आहे. ज्या गावांना अशीच पेटी मिळाली आहे किंवा मिळणार आहे, त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

पेटीतील सर्वांत उपयुक्त वस्तू म्हणजे जिवाणू तपासणीच्या बाटल्या. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी ठेवायची आणि 24 ते 48 तासांत पाणी काळे पडले, तर ते दूषित समजायचे. ज्यांना आकडे वाचता येत नाहीत, त्यांनाही हा निकाल समजतो. पहिल्या पावसाळ्यात आडाच्या पाण्याची बाटली काळी झाली, तेव्हा ती ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवल्यावर त्याच दिवशी ब्लीचिंग पावडर टाकली गेली. क्लोरीनची चाचणीही विश्वासार्ह वाटली. मात्र क्लोरीन असलेले पाणी थेट जिवाणूंच्या बाटलीत भरू नये, कारण क्लोरीनमुळे बाटली काळी न पडण्याची शक्यता असते. प्रयोगशाळेच्या नमुना बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असते, ते याचसाठी.

कठीणपणाची चाचणी थेंब मोजून होते. लालसर रंग निळा झाला की थांबायचे आणि थेंबांच्या संख्येवरून आकडा काढायचा. आमच्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, हे घरोघरी ठाऊक होतेच. पेटीने त्याला आकडा दिला. आम्लता, क्षारता आणि क्लोराइडच्या चाचण्या ठीक आहेत.

खरा प्रश्न नायट्रेटच्या चाचणीचा आहे. शाळेजवळच्या हापशामागे गोठा आणि उकिरडा आहे. त्या पाण्याचा रंग तक्त्यावरील 45 आणि 100 यांच्या मधल्या गुलाबी छटेशी जुळला. तक्त्यावर ही छटा पिवळ्या चौकटीत आहे आणि खाली ‘अनुज्ञेय’ असे छापले आहे. तोच नमुना आम्ही प्रयोगशाळेत पाठवला, तेव्हा 72 मिलिग्रॅम प्रति लिटर आणि ‘पिण्यास अयोग्य’ असा अहवाल आला. त्यावर एका ताईंनी विचारले, “सर, पेटी चालेल म्हणते आणि प्रयोगशाळा नको म्हणते, मग खरं कुणाचं धरायचं?”

उत्तर शोधण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे पिण्याच्या पाण्याचे मानक, म्हणजे आयएस 10500, उघडावे लागले. त्यात बहुतेक घटकांसमोर दोन रकाने असतात. पहिला स्वीकारार्ह मर्यादेचा असतो आणि दुसरा, पाण्याचा अन्य कोणताही स्रोत उपलब्ध नसल्यास चालवून घेण्याच्या मर्यादेचा. कठीणपणासाठी हे आकडे 200 आणि 600 आहेत, एकूण विरघळलेल्या क्षारांसाठी 500 आणि 2000, तर फ्लोराइडसाठी 1.0 आणि 1.5. नायट्रेटसमोर 1991 च्या आवृत्तीत 45 आणि 100 असे दोन आकडे होते. 2012 च्या आवृत्तीत 45 पुढे सवलत नाही. म्हणजे आमच्या पेटीच्या रसायनात दोष नव्हता, तिचा तक्ता जुन्या रकान्यावरून छापलेला होता.

एका घटकाला सवलत मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, हे मनमानीने ठरलेले नाही. कठीणपणाचा आकडा मुख्यतः चव, साबणाचा फेस आणि भांड्यांवर बसणारा थर यांवरून ठरला आहे, त्यामुळे तिथे अडचणीच्या काळात सैल होता येते. नायट्रेटच्या आकड्यामागे तान्ही मुले आहेत. 1945 साली अमेरिकेच्या आयोवा राज्यात विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिणारी बाळे निळी पडत असल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली. नायट्रेटपासून शरीरात नायट्राइट तयार होते आणि रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते. 1951 मध्ये अशा नोंदींचा आढावा घेण्यात आला, तेव्हा ज्या पाण्यात नायट्रोजनच्या हिशेबाने, म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचे वजन धरून, लिटरमागे 10 मिलिग्रॅमपेक्षा कमी नायट्रेट होते, तिथे असा रुग्ण आढळला नाही. आपला 45 चा आकडा त्याच 10 शी जुळतो आणि जागतिक आरोग्य संघटनेचा 50 चा आकडाही त्याच्या जवळचाच आहे. ही रेषा सर्वांत नाजूक जीव डोळ्यांपुढे ठेवून आखलेली असल्यामुळे, ‘आमच्याकडे दुसरे पाणी नाही’ हे कारण तिच्यापुढे टिकत नाही. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. हे प्रत्येक बाळंतिणीच्या घरी सांगायला हवे.

दुसरी अडचण याच 10 च्या आकड्यामुळे आली. रसायनांचा नवा पुडा आला, त्याच्या तक्त्यावर 10 पर्यंतच्या छटा होत्या आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘नायट्रोजन म्हणून’ असे लिहिले होते. पाणी 10 च्या छटेशी जुळले, तेव्हा 45 पेक्षा ते कितीतरी कमी आहे, असे समजून ताईंनी नोंदवहीत ‘उत्तम’ लिहिले. प्रत्यक्षात नायट्रोजनचे 10 म्हणजे नायट्रेटचे सुमारे 44. शिक्षक असूनही ही ओळ माझ्या नजरेतून सुटली होती, मग ताईंना दोष कसा द्यावा?

पंचायतीत लावलेल्या हिरव्या कार्डावरही याबाबतीत विसंबता येत नाही. लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड स्रोताभोवतीची स्वच्छता, गळती आणि ब्लीचिंग पावडरचा साठा यांच्या पाहणीवरून मिळते, त्यात नायट्रेट मोजलेले नसते. आरओ विक्रेत्यांच्या पेनसारख्या मीटरवर दिसणारा क्षारांचा एकत्रित आकडाही नायट्रेट वेगळे दाखवत नाही.

माझे मत असे आहे की जिवाणू, क्लोरीन आणि कठीणपणा यांसाठी ही पेटी निःशंक वापरावी. फ्लोराइड आणि नायट्रेटसाठी मात्र ती फक्त संशय दाखवणारे साधन समजावी आणि संशय आला की नमुना त्याच दिवशी बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोहोचवावा. फ्लोराइडच्या बाबतीत 1.5 वर समाधान मानू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या गणितात प्रौढ माणूस दिवसाला 2 लिटर पाणी पितो असे धरलेले असते. आपल्याकडे वैशाखात रानात राबणाऱ्या माणसाचे तेवढे पाणी दुपारपर्यंतच संपते. रसायनांच्या मुदतीची तारीख दर महिन्याला पाहावी आणि पेटी पत्र्याच्या खोलीत ठेवू नये.

आम्ही तक्त्यावरील पिवळ्या चौकटीवर पांढरा कागद चिकटवला आहे आणि नव्या तक्त्यावर शाईने ‘4.4 ने गुणा’ असे लिहिले आहे. हापशाला लाल रंग दिला असून शाळेचे पाणी आता नळयोजनेतून येते. पुरवठादाराला दोन्ही तक्त्यांची छायाचित्रे पाठवून दुरुस्त तक्ता मागितला आहे, तो अजून आलेला नाही.