हॅवलॉकचा सरकारी दवाखाना: सीटी स्कॅन नाही, पण डॉक्टर भारी

अंदमानला जाणाऱ्यांनी रिसॉर्टच्या रिव्ह्यूसोबत हा पण वाचा. हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप, तिथे काळापत्थरच्या रस्त्यावर आमच्या ह्यांची भाड्याची स्कूटर वाळूवरून घसरली. हेल्मेट होतं पण पट्ट्याचं बकल तुटलेलं, दुकानदार म्हणे चालतंय, ते आधीच उडालं. रक्त नाही काही नाही, मागे एक टेंगूळ. पण उठून बसले आणि पाच मिनिटांत तीनदा विचारलं "आपण जेवलो का गं?", तेव्हा माझे पायच गळाले.

डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारला, सरळ रेषेत चालवलं, महिने उलटे म्हणायला लावले (हे जुलैला अडकले, एरवीही अडकतील म्हणा). मी लगेच सीटीचं काढलं. तर म्हणाले, त्यासाठी पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), बोटीने दीड ते अडीच तास, आणि कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, तो स्कॅनमध्ये सहसा दिसतच नाही, स्कॅन करतात ते आत रक्तस्राव नाही ना बघायला. मग शेवटची बोट किती वाजता ते विचारलं आणि ती सुटायच्या तासभर आधीपर्यंत आम्हाला तिथेच बसवून ठेवलं, दर अर्ध्या तासाने तपासणी. डोकेदुखी वाढली, परत परत उलटी झाली, जीभ जड झाली, हात किंवा पाय लुळा पडला, झटका आला किंवा गुंगी चढली, यातलं एक जरी दिसलं तर सरळ बोटीत. सुदैवाने हे हळूहळू ताळ्यावर आले.

सासूबाई फोनवर, रात्रभर झोपू देऊ नकोस. डॉक्टर म्हणाले झोपू दे, फक्त शेजारी कोणीतरी हवं, दुखलं तर पॅरासिटामॉलच, अ‍ॅस्पिरिन आयबुप्रोफेन नको, दोन दिवस मोबाईल कमी, दारू आणि स्कूटर बंद. आणि स्कुबा रद्द! पैसे भरलेले, त्यामुळे हे जाम चिडले, मी ठणठणीत आहे वगैरे. डॉक्टर शांतपणे म्हणाले, पाण्याखाली चक्कर आली तर कोणाला सांगणार?

घरी आल्यावर आठवडाभर ह्यांना टीव्हीचा आवाज सहन होत नव्हता, तेही डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं, म्हणून घाबरलो नाही. पाच स्टार. स्कुबावाल्यांनी चिठ्ठी बघून अर्धे पैसे परत केले, स्कूटरवाल्याने मात्र आरशाचे पाचशे कापले.