बुडालेली बँक आणि आमचे सहासष्ट हजार

आमचे देवगडचे मामा आयुष्यभर समुद्रकाठी राहिले आणि कलमांची बाग सांभाळली. त्यांना एक फोन केला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. पण माणूस फसायचा असला की नेमका जाणत्या माणसाला सोडून बाकी सगळ्यांना विचारतो. आम्ही इन्स्टाग्रामला विचारलं.

मी, माझा मेहुणा आणि त्याच्या ऑफिसमधला एक मित्र. तिघंही पुण्याचे, तिघांनाही पोहता येतं, पण स्कूबा कुणीच केलेलं नाही. जानेवारीत मेहुण्याने एक रील पाठवली: निळंशार पाणी, प्रवाळ, मधून एक कासव तरंगत जातंय. खाली मजकूर, 'आंग्रिया बँक, कोकणातलं गुपित, तीन दिवस, सहा डाइव्ह, मुक्काम बोटीवर, शेवटी आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट'. माणशी बावीस हजार.

आंग्रिया बँक खरी आहे, हे आधी सांगून टाकतो. विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर समुद्राच्या पोटात एक पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखलं जाणारं. अशा बुडालेल्या पठाराला इंग्रजीत 'बँक' म्हणतात. लांबी चाळीसेक किलोमीटर, रुंदी पंधराएक, आणि त्यावर प्रवाळ. फसवणुकीचं सगळं बळ इथेच होतं. जागा खोटी असती तर गुगलवर दोन मिनिटांत पकडली असती. आम्ही शोधलं, जागा सापडली, आणि आम्ही निर्धास्त झालो.

फोनवरचा माणूस स्वतःला 'कॅप्टन' म्हणवून घ्यायचा. बोलणं गोड, घाई अजिबात नाही. परवानगीचं विचारलं तर एका पत्राचा फोटो आला. वर राजमुद्रा दिसत होती, खालचा मजकूर धूसर. अर्धे पैसे आगाऊ मागितले. यूपीआयने पाठवताना स्क्रीनवर एका किराणा दुकानाचं नाव आलं. मी विचारलं तर म्हणाला, "सर, जीएसटीचं सोपं पडतं." मी स्वतः अकाउंट्समध्ये पंधरा वर्षं काढली आहेत. तरी पैसे पाठवले. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

फेब्रुवारीत मालवणला पोचलो. बोटीवरचा मुक्काम म्हणजे देवबागमधल्या एका घरातली खोली निघाली, दोन खाटा आणि जमिनीवर एक गादी. "आज कोस्ट गार्डचा क्लिअरन्स अडकलाय, रात्री निघू." उरलेले तेहतीस हजार तिथेच घेतले. का, तर 'डिझेल भरायचंय'. रात्री निरोप आला की वारा सुटलाय. दुसऱ्या दिवशीही वारा, आणि तिसऱ्या दिवशी 'लाटांचा इशारा'.

मला सगळ्यात हुशारीची वाटली ती ही गोष्ट. समुद्राच्या हवामानाशी कोण भांडणार? वाद घातला तर आपणच बेजबाबदार ठरतो. "सर, तुमच्याच जिवासाठी सांगतोय" म्हटलं की तोंड बंद. प्रत्यक्षात त्या तिन्ही सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढली जात होती आणि होड्या नेहमीसारख्या बाहेर पडत होत्या. समुद्र ताटात वाढलेल्या पाण्यासारखा होता. समुद्राच्या लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था रोज फुकटात जाहीर करते. तो पाहायचं मला तिसऱ्या संध्याकाळी सुचलं. माझ्या फोनवर आमच्या किनाऱ्यासाठी कसलाही इशारा नव्हता.

मग डाइव्हचं काय? "तोवर सरावाची डाइव्ह करू या" म्हणून आम्हाला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला नेलं. मालवणात कुणीही पर्यटक हजार-दोन हजारांत करतो ती नवख्यांची डाइव्ह. किनाऱ्यावर दहा मिनिटं तोंडाने श्वास घ्यायला शिकवायचं, मग एक पोरगा मागून सिलिंडर धरून आपल्याला खाली नेतो आणि बारा-पंधरा मिनिटांत वर. त्या पोरांबद्दल माझी तक्रार नाही. ती आपलं काम चोख करतात, आणि त्यांना आमच्या बावीस हजारांतले किती मिळाले असतील ते देव जाणे.

तीन दिवस, तीन डाइव्ह, एकच खडक. तो खडक मी आता अंधारातही ओळखेन. डाव्या बाजूला डोळ्याएवढं भोक, त्यात एक काळा खेकडा, आणि समोर पावाचा लगदा भरलेली पाण्याची बाटली घेतलेला हात. बाटली दाबली की पट्ट्यापट्ट्यांचे मासे धावत येतात, तेवढ्यात फोटो. तिसऱ्या दिवशी त्या खेकड्यानेही आम्हाला ओळखलं असावं. पाणी हिरवट, तीन-चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. तळाला प्रवाळाचे लहान ठिपके होते. त्यांवरच पाय टेकले जात होते आणि बोटीचा नांगरही तिथेच पडत होता. हा भाग मालवणच्या सागरी अभयारण्याचा. 1987 साली जाहीर झालेलं, हे मला घरी आल्यावर कळलं.

पैशांपेक्षा मला अजून झोंबतं ते वेगळंच. मेहुण्याला दमा आहे. इनहेलर खिशात घेऊन फिरतो. तीन दिवसांत त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही की बाबा, दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, असलं काही आहे का? रीतसर शिकवणारे पाण्यात उतरवण्याआधी ही सगळी प्रश्नावली भरून घेतात आणि गरज दिसली तर डॉक्टरची चिठ्ठी मागतात. आम्हाला फक्त चपलेचा नंबर विचारला, पायात घालायच्या फिन्ससाठी. त्यात ज्या बोटीतून गेलो तिच्यावर किती माणसांची परवानगी आहे, ते कुठे लिहिलेलं दिसलं नाही. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले होते, ते मला त्या बोटीत बसल्यावर आठवलं. उतरलो मात्र नाही. तिघांतला एकटा कसा उतरणार?

देवबागच्या त्या घरातल्या काकींच्या हातची सुरमई आणि सोलकढी मात्र अस्सल होती. त्याच काकी शेवटच्या सकाळी चहा देताना सहज म्हणाल्या, "गेल्या म्हयन्यात पण असेच आयले होते, बँकेत जातलंव म्हणान. थंयसर जायत अशी होडी हंय कोणाकडे आसा?" मेहुण्याच्या हातातला कप तसाच राहिला.

निघताना कॅप्टनने तीन गोष्टी हातात ठेवल्या. लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, पेन ड्राइव्हवरचा व्हिडिओ, आणि 'आठवण' म्हणून प्रवाळाचा एक पांढरा तुकडा.

व्हिडिओ आम्ही वाटेत मामांकडे पाहिला. निळं पाणी, कासव, प्रवाळाची रानं. मित्र खूश झाला. मी माझा हात शोधत होतो. आईने बांधलेला लाल दोरा माझ्या उजव्या मनगटावर गेली दोन वर्षं आहे. व्हिडिओतल्या माणसाचं मनगट कोरं होतं आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सूट होता. आम्हाला तर अर्ध्या बाह्यांचे दिले होते. पुढे कळलं की ही क्लिप कोकणातलीच नव्हती.

सर्टिफिकेटवर ना संस्थेचं नाव होतं ना क्रमांक. पाडी, एसएसआयसारख्या स्कूबा शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या पहिल्या पायरीच्या कोर्सला तीन-चार दिवस लागतात. त्यात मास्कमध्ये पाणी भरून ते काढणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर (श्वास घ्यायची नळी) शोधून परत लावणं अशी कौशल्यं असतात, आणि खुल्या समुद्रात चार डाइव्ह. आम्ही यातलं काहीही केलं नव्हतं.

प्रवाळाचा तुकडा पाहून मामांनी कपाळाला हात लावला. कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. तो जवळ बाळगणं हाच गुन्हा. पैसे आमचे गेले आणि वर गुन्हेगारही आम्हीच.

मग मामांना सगळी हकिगत सांगितली. ते बराच वेळ आंब्याच्या मोहराकडे बघत बसले आणि म्हणाले, "बँक? ती तर पयलीच बुडलली आसा. बुडलल्या बँकेत पैशे कोण ठेवता रे?" मग त्यांनी विचारलं की खोली किती. मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, मग बघ.

बघितलं. आंग्रिया बँकेचा माथाच पाण्याखाली सुमारे 20 मीटरवर आहे. पहिल्या पायरीचा कोर्स पूर्ण केलेल्या माणसाची मर्यादा 18 मीटर, आणि कोर्सच न केलेल्याला जास्तीत जास्त 12. वर जागा किनाऱ्यापासून इतकी दूर की रात्रभराचा प्रवास. वारा असो वा नसो, आम्हाला तिथे कुणी नेऊच शकत नव्हतं. पैसे देण्याआधी "तिथे पाणी किती खोल?" एवढं विचारलं असतं तरी सगळं उघडं पडलं असतं. आम्ही विचारलं काय, तर जेवणात मासे असतील का.

1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला. तिथे तक्रार नोंदवून घेतली. पण पैसे स्वखुशीने दिलेले, सेवा 'काहीतरी' मिळालेली, त्यामुळे ग्राहक आयोगाकडेही जा असं सुचवलं. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथूनही दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. नोटीस गेल्यावर कॅप्टनने तिघांचे मिळून नऊ हजार परत केले आणि 'हवामानामुळे बदल झाल्यास परतावा नाही' ही ओळ लाल रेघ मारून पाठवली. पहिल्याच मेसेजच्या तळाशी होती ती, चाळिसाव्या ओळीच्या आसपास. बाकीच्या पैशांचा दावा चालू आहे.

दावा लावायला दोन वर्षांची मुदत असते, पण पुरावा लागतो. माझी अडचण अशी झाली की कॅप्टनशी सगळं बोलणं मेहुण्याच्या फोनवर झालं होतं, आणि चिडून त्याने देवगडहून निघतानाच सगळी चॅट उडवून टाकली होती. माझ्याकडे किराणा दुकानाची पावती आहे, लॅमिनेट केलेला कागद आहे आणि दुसऱ्याच माणसाचा व्हिडिओ आहे. वकील म्हणतात, व्हिडिओ जपून ठेवा.