ब्रेकवाली हँड पॅलेट ट्रॉली: अकरा डिलिव्हऱ्यांचा एक दिवस

ही ट्रॉली मी आठ महिन्यांपूर्वी स्वतःच्या पैशाने घेतली. गाडीबरोबर मिळालेली साधी ट्रॉली होती आणि ती चालतही होती, पण तिला ब्रेक नव्हता. एकदा उतारावर भरलेलं पॅलेट, म्हणजे माल रचलेला लाकडी पाट, माझ्या हातून सुटलं. खाली भिंत होती, माणूस नव्हता, म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. बिनब्रेकच्या ट्रॉलीवर माल घेऊन रस्त्यावर उतरायचं नाही, हे तेव्हाच ठरलं.

गोडाऊनच्या गुळगुळीत फरशीवर कुठलीही ट्रॉली चांगलीच वाटते. शहरात माल पोचवणाऱ्या ड्रायव्हरच्या वाट्याला ती फरशी फार थोडा वेळ येते. म्हणून गेल्या मंगळवारचा दिवस जसा गेला तसा लिहितो. ट्रॉली कशी आहे ते त्यातूनच कळेल.

आधी मापं. क्षमता २५०० किलो, फोर्क (पॅलेटखाली शिरणारे दोन दाते) ११५० मिमी लांब, बाहेरून बाहेर रुंदी ५४० मिमी. खाली असताना फोर्कची उंची ८५ मिमी, पूर्ण वर केल्यावर २०० मिमी. पुढचे रोलर जोडीचे, म्हणजे प्रत्येक फोर्कखाली एकामागे एक असे दोन. चाकं पॉलियुरेथेनची, म्हणजे रबरासारख्या प्लॅस्टिकची. दांड्यावर सायकलसारखा हातब्रेक आहे, तो दांड्याखालची दोन मोठी चाकं पकडतो, आणि खटका लावला की तसाच अडकून राहतो. ट्रॉलीचं स्वतःचं वजन ८० किलोच्या आसपास.

मंगळवारी गाडीत १४ पॅलेटं होती, ११ ठिकाणांची. सगळी १२०० बाय १००० मापाची, दोन-दोनच्या सात ओळी. सकाळी पहिल्याच ठिकाणी फोर्क उचलायला दांडा मारतोय, मारतोय, आणि ते जागचे हलत नाहीत. रात्री कुणीतरी ट्रॉली आडवी पाडून ठेवली होती. आडवी पडली की पंपात हवा शिरते आणि तेल फोर्क उचलू शकत नाही. ट्रॉली बिघडली असं समजून दुरुस्तीला पाठवणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. फोर्क उतरवायचा दांड्यावरचा वेगळा खटका असतो, तो खाली उतरवण्याच्या जागी ओढून धरायचा आणि दांडा बारा-पंधरा वेळा पूर्ण मारायचा, हवा निघून जाते. मंगळवारीही निघाली. मात्र ही गोष्ट ट्रॉलीसोबत आलेल्या कागदावर कुठेच लिहिलेली नाही. ती तिथे ठळक अक्षरात हवी होती.

दुसरी एक गोष्ट नव्याने ट्रॉली घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी करावी. पॅलेट १००० मिमी खोल आणि फोर्क ११५०, म्हणजे फोर्क पूर्ण आत घातले की टोकं दीडशे मिमी पलीकडे निघतात आणि मागच्या पॅलेटखाली जातात. आपण पुढचं उचलतो, तेव्हा मागच्याची पट्टी मोडते किंवा ते कलंडतं. मी फोर्कच्या टोकापासून बरोबर १००० मिमीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारलीय. पॅलेटची अलीकडची कड रेघेला आली की थांबायचं. कंपनीने कारखान्यातच अशी खूण करून दिली तर किती पॅलेटं वाचतील!

दुसऱ्या ठिकाणी दुकानाच्या मागच्या गल्लीत एक मोटार उभी होती, त्यामुळे गाडी तीसेक पावलं अलीकडेच लावावी लागली. मध्ये गटाराची लोखंडी जाळी. जुन्या ट्रॉलीला एकेकच रोलर होते, ते अशा जाळीच्या फटीत बसले की माल उतरवल्याशिवाय सुटका नसायची. जोडीच्या रोलरमुळे एक फटीवर आला तरी दुसरा टेकलेला राहतो. जाळी तिरकी ओलांडली, पॅलेट हललंही नाही. फुटपाथची कड मात्र ही ट्रॉली चढत नाही. रोलर जेमतेम ८० मिमीचे असतात, ते चढणारच नाहीत, आणि जोर लावून चढवायला जाऊही नये. तिथे उतरती फळी लागते. ती मी सोबत ठेवतो.

तिथेच फोन आला. तिसऱ्या ठिकाणचे म्हणाले, माल चारनंतरच घेऊ. ज्याने शहरात गाडी खाली केलीय त्याला या एका वाक्याचा अर्थ कळेल. जो माल शेवटी भरतो तो दाराशी असतो आणि आधी उतरतो. आता दाराशी उभी दोन पॅलेटं नको होती आणि चौथ्या ठिकाणचा माल त्यांच्या मागे अडकला होता. दोन्ही खाली रस्त्यावर घ्यायची, मागचं काढायचं, पोचवायचं, मग ती दोन पुन्हा वर चढवायची. पाऊण तास गेला. वर ती जागा गाडी थांबवायला फक्त वीस मिनिटांची. मागच्या लोकांचे हॉर्न सुरू, आणि मी कुणाला काय सांगणार?

याच गडबडीत ब्रेक लागायची वेळ आली. गाडीची डावी चाकं रस्त्याच्या कडेच्या खोलगट भागात होती, त्यामुळे टेल लिफ्टचा, म्हणजे गाडीच्या मागच्या माल खाली-वर करणाऱ्या लिफ्टचा, पत्राही डावीकडे झुकलेला. लिफ्टची क्षमता १५०० किलो. पॅलेट ९०० किलोचं, रंगाच्या डब्यांचं, त्यात ट्रॉली आणि मी, म्हणजे वजनाचा हिशेब बरोबर होता. चुकला होता उतार. पत्रा जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर असताना पॅलेट हळूहळू डावीकडे सरकायला लागलं. पत्र्याला पुढच्या कडेला अडसर आहे, बाजूला काही नाही. साध्या ट्रॉलीवर अशा वेळी माणूस काय करतो? खांदा लावतो. ९०० किलोला खांदा लावणारा त्या मालासकट खाली जातो.

मी ब्रेक दाबला. चाकं जागच्या जागी थांबली. वितभर सरकलेलं पॅलेट तिथेच उभं राहिलं. मग ब्रेकचा खटका लावून फोर्क खाली केले, म्हणजे पॅलेटची लाकडं पत्र्यावर टेकली आणि सगळा भार चाकांवरून निघाला. खरं तर लिफ्टवर चढवल्याबरोबर हे करायला हवं होतं: आधी फोर्क खाली, मग लिफ्टचं बटण. घाईत माझ्याकडून राहिलं, आणि ती चूक ब्रेकने सावरली. पत्रा ओलसर होता. नायलॉनची चाकं असती तर थांबूनही घसरली असती, असं माझं मत आहे. नायलॉन कडक, ढकलायला हलकं जातं, पण ओल्या पत्र्यावर पकडत नाही आणि फरसबंदीवर आवाज फार करतं. पॉलियुरेथेन लवकर झिजतं, माझ्या रोलरच्या कडा आत्ताच खाल्ल्या गेल्यात. तरी पुन्हा घेताना तेच घेईन.

दुपारचं ठिकाण तळघरातलं. खाली जाणारा लांब उतार, वळणावर पाणी सांडलेलं. दारावरचे काका म्हणाले, "आधीचा ड्रायव्हर एकटाच न्यायचा." मी म्हटलं, "काका, तो नेत असेल. मी पूर्ण पॅलेट एकट्याने नेणार नाही." उतारावर माणसाने नेहमी मालाच्या वरच्या अंगाला राहायचं, खालच्या अंगाला कधीच नाही, आणि हातब्रेक आहे म्हणून हा नियम बदलत नाही. ब्रेक दोनच चाकं धरतो. मालाचा मोठा भार पुढच्या रोलरवर असतो, त्यांना ब्रेक नाही. तीव्र, ओल्या उतारावर पूर्ण वजन त्याच्या भरवशावर सोडणं धोक्याचं आहे. तासभर लागला, पण माल निम्मा-निम्मा करून दोन खेपांत नेला. दुसऱ्या खेपेला काका स्वतः वरच्या बाजूने धरायला आले.

आता ज्याबद्दल तक्रार आहे ते. फोर्क खाली येतात ते एकदम येतात. उतरवायचा खटका थोडा ओढा की पूर्ण ओढा, व्हॉल्व्ह उघडला की माल धप्पकन बसतो. फुटणाऱ्या मालासाठी हे वाईट आहे. काचेच्या सामानाचं एक पॅलेट मी अक्षरशः श्वास रोखून उतरवलं. हळू उतरवता येईल असा व्हॉल्व्ह असलेल्या ट्रॉल्या मिळतात, आणि हिच्यातही तो असायला हवा होता. ब्रेकची वायर दर दीड-दोन महिन्यांनी सैल पडते. आवळायला सोपी आहे, पण ती सैल झालीय हे कळतं कधी, तर ब्रेक लावल्यावर. त्यामुळे सकाळी रिकाम्या ट्रॉलीवर एकदा दाबून बघायची सवय लावून घेतली. दांड्याची रबरी मूठ तिसऱ्या महिन्यात निघाली, आता तिथे चिकटपट्टी गुंडाळलीय.

रुंदीबद्दल मात्र समाधान आहे. संध्याकाळी जुन्या इमारतीतला एक अरुंद दरवाजा आला. अख्खं पॅलेट आत जाणारच नव्हतं, म्हणून फोर्कवर फळी टाकून खोकी रचून नेली. ५४० रुंदीची ट्रॉली चौकटीला न घासता गेली. ६८५ वाली मोठ्या पॅलेटला जास्त स्थिर असते, पण मग त्या दाराशी सगळी खोकी खांद्यावर आली असती.

ज्यांची गाडी एका डॉकवरून (माल चढवा-उतरवायच्या ओट्यावरून) दुसऱ्या डॉकला जाते त्यांना या ब्रेकची फारशी गरज नाही, साधी घेतली तरी चालेल. ज्याला टेल लिफ्टवर, रस्त्यावर, एकट्याने माल उतरवायचा आहे, त्याने दुसरं काही कमी करावं पण ब्रेकवाली घ्यावी, आणि तीही मालकाकडे मागून घ्यावी. मी स्वतःचे पैसे घातले. कुणाला तसं करायची वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

अकरापैकी दहा ठिकाणी माल पोचला. तिसऱ्या ठिकाणी सव्वाचारला गेलो आणि त्यांनी घेतला. शेवटचं गोडाऊन मी पोचायच्या दहा मिनिटं आधी बंद झालं, ते एक पॅलेट गाडीतच राहिलं. रात्री ट्रॉली उभी करून बाजूच्या पट्ट्याला रॅचेटने आवळली, वर "आडवी करू नका" असं खडूने लिहिलं, आणि ब्रेकची वायर अर्धा फेरा कसली.