गॅरेजबँड: पितळी गुंड आणि सात मात्रांचा तिढा

नागपुरात इतवारीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. गेल्या पितृपक्षात गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, तेव्हा भाच्याने त्याचा जुना आयफोन हातात ठेवला. "मामा, माशा मारण्यापेक्षा हे वाजवा." त्यात गॅरेजबँड होतं, म्हणजे ॲपलचं गाणं-वाजवणं रेकॉर्ड करायचं ॲप. मॅकवर हे २००४ पासून आहे, आयफोनवर २०११ पासून, आणि पैसे पडत नाहीत. अँड्रॉइडवर मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी भजनी मंडळात ढोलकी वाजवतो, त्यामुळे आधी ठेक्याकडेच वळलो. स्मार्ट ड्रम्समध्ये वाद्यांची चित्रं चौकटीत ओढायची. वर ठेवलं की आवाज मोठा, उजवीकडे सरकवलं की ठेका भरगच्च. फासा दाबला तर फोन आपणच सगळं मांडून देतो. मजा आली, पण भाच्याच्या दोस्ताने बनवलेला ठेका ऐकला तर माझ्याच ठेक्याचा जुळा भाऊ!

खरी चीज कीबोर्डच्या यादीत लपलेली आहे, सॅम्पलर. दुपारी शटर अर्धं ओढलं, पितळी गुंडावर, म्हणजे पाण्याच्या गोल भांड्यावर, बोटाच्या पेराने टिचकी मारली आणि माइकने ती पकडली. पडद्यावर तिची लाट दिसते, पुढची शांतता कापून टाकायची. मग तीच टिचकी कीबोर्डभर पसरते. डावीकडच्या पट्ट्यांवर ती देवळातल्या घंटेसारखी घुमते. गुंडात अर्धं पाणी भरलं तर सूर उतरला, जलतरंगाचा न्याय. स्टीलची परात मात्र नुसती किरकिरली. एवढ्यात मागून बायको, "अहो, गिऱ्हाईक उभं आहे अन् तुम्ही गुंड वाजवून राहिले?" गिऱ्हाईकाला वाटलं, मी चीर तपासतोय. गुंड विकला गेला.

आता तक्रार. तालाचे पर्याय तीनच: चार-चार, तीन-चार आणि सहा-आठ. केरवा, दादरा निभावतात; सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल कुठे बसवायचे? मी काढलेला मार्ग असा. चार-चारच ठेवायचा, म्हणजे एका बारमध्ये, एका खणात, चार मात्रा; आणि सेक्शनची, म्हणजे गाण्याच्या एका तुकड्याची, लांबी आठऐवजी सात बार करायची. अठ्ठावीस मात्रा झाल्या, म्हणजे रूपकाची चार आवर्तनं बरोब्बर. झपतालाला पाच बार, दोन आवर्तनं. मेट्रोनोम, म्हणजे मात्रा मोजणारी टिकटिक, मात्र बंद करा, नाहीतर तो दर चौथ्या मात्रेनंतर नवी सम (आवर्तनाची पहिली मात्रा) दाखवत बसतो आणि हात चुकतो. क्वांटायझेशनही मी बंदच ठेवतो. ते प्रत्येक थाप रेघेवर ओढून बसवतं आणि ढोलकीची लचक मरते.

ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवू नका. थाप आत्ता, आवाज मागून. वायरवाला जुना इअरफोन शोधून काढा.

यंदा मारबतीच्या मिरवणुकीत फोन घेऊन गेलो. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती निघते आणि लोक "घेऊन जा गे मारबत" असं ओरडतात. ताशाजवळ उभा राहिलो तर सगळं फाटकं आलं. गल्लीच्या तोंडाशी मागे सरकलो तेव्हा एक ठोका नीट मिळाला. घरी कापायला बसलो, तर ठोक्याच्या शेपटीला कुणाचं तरी "घेऊन जा गे..." अर्धंच चिकटलेलं. ते काढलं नाही. खालच्या पट्टीवर आता तो माणूस फार जड आवाजात ओरडतो.